दिवे लागल्यानंतरचं विरजण

एका वाडीत एक म्हातारी राहत होती. तिचा एक मुलगा होता शांतवन, एक सून होती सलोमी, गोठ्यात म्हशी होत्या, आणि चुलीमागच्या कोनाड्यात विरजणाचं एक काळं लोटकं होतं. म्हातारीचं खरं नाव कोणाला आठवत नव्हतं. सगळी वाडी तिला नेमाई म्हणायची, कारण काही झालं तरी तिचा नेम चुकत नसे.

वाडी ख्रिस्ती लोकांची. मधोमध प्रभूचं कौलारू देऊळ आणि देवळाला घंटा. घंटेचा पहिला ठोका पडायचा तेव्हा नेमाई देवळाच्या पायरीवर उभी असायची. रविवारी तिच्या घरी चूल पेटत नसे, सुईत दोरा जात नसे, वाडीच्या वेशीबाहेर पाऊल पडत नसे. उपासाच्या दिवशी ती थुंकीसुद्धा गिळायची नाही, असं लोक हसून म्हणायचे. शिवाय तिचे घरचे नेम होते ते वेगळेच. दिवे लागल्यावर दूध, दही, मीठ, असं पांढरं काही दारातून बाहेर द्यायचं नाही, हा त्यातला सगळ्यात कडक. तिचं बघून सगळी वाडीही तो पाळायला लागली होती.

देवळाचे पाळकबाबा एकदा म्हणाले, "आजी, हा नेम शास्त्रात कुठं आहे हो?"

"शास्त्रात नसेल," नेमाई म्हणाली, "माझ्या घरात आहे."

पण तिचं दही! वाटी पालथी केली तरी खाली पडायचं नाही. पंचक्रोशीत तसं दही नव्हतं. कोणी विचारलं, "नेमाई, तुमचं दही असं कसं लागतं?" की ती ताठ व्हायची. "मी नेम पाळते म्हणून लागतं. तुमचं पातळ होतं ना? मग रविवारी चूल कोणी पेटवली ते घरात विचारा."

असे दिवस चालले होते. एकदा काय झालं, नेमाई संध्याकाळच्या प्रार्थनेला गेली होती, शांतवन गोठ्यात होता आणि घरात सलोमी एकटी. तिनं नुकताच दिवा लावला होता. एवढ्यात ओढ्यापलीकडची कोष्टीण धापा टाकत दारात आली.

"सलोमीबाई, बोटभर विरजण दे गं. धनी चार दिस हगवणीनं निजलाय, पोटात पाणी ठरत नाही. वैद्य म्हणतो ताक-भाताशिवाय काही देऊ नको. दूध आहे घरात, पण विरजणाची वाटी मेल्या मांजरानं सांडली."

"अगं, पण दिवा लागला."

"सगळ्या दारांनी हेच सांगितलं, बाई. दिवा लागला. माझ्या घरचा दिवा विझायला आलाय, त्याचं काय करू?"

सलोमीनं दिव्याकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं. मग लोटकं काढलं आणि कोष्टिणीच्या वाटीत चमचाभर विरजण घातलं.

नेमाई घरी आली तेव्हा सलोमीनं आपण होऊन सांगितलं. लपवाछपवी तिला येत नव्हती.

"आत्याबाई, मी कोष्टिणीला विरजण दिलं. तिचा नवरा..."

"नवऱ्याचं नाही विचारलं मी. दिवा लागला होता का?"

"लागला होता."

नेमाईनं लोटकं उचललं, मागच्या दारी गेली आणि सगळं विरजण उकिरड्यावर ओतून आली. "मोडक्या नेमाचं दही या घरात नको," म्हणाली.

शांतवन धावत आला. "आई, अगं चमचाभरच गेलं होतं! लोटकं भरलेलं होतं की."

"नेम मोडला की सगळंच गेलं. भरलेलं काय नि रिकामं काय!"

दुसऱ्या दिवशी तिनं लोटकं राखेनं घासलं, उपास धरला, प्रार्थना केली आणि दूध कोनाड्यात ठेवलं. सकाळी पाहते तो दूध ते दूधच. मग चिंच घातली, तर दूध फाटलं. मिरचीचे देठ घातले, तर आंबलं, पण दही काही धरेना. उपास वाढवला, तेव्हा तर नासूनच गेलं. रोज सकाळी नेमाई लोटक्यात डोकवायची आणि मग मान वळवून सुनेकडे बघायची. त्या बघण्यानं सलोमीचं जेवण तुटलं.

शेजारची म्हणाली, "नेमाई, माझ्याकडचं ने की विरजण." तर हिचं उत्तर, "या घरानं कधी कोणाच्या दारी वाटी नेली नाही." सुंभ जळेल, पण पीळ जाईल का?

शेवटी एक दिवस ती सलोमीला म्हणाली, "ज्या हातानं नेम मोडला, तो हात माझ्या दुधाला लागायला नको. तू माहेरी जा."

शांतवन हळूच म्हणाला, "आई, विरजण ओतलं कोणी?"

आजवर हे तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हातारीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मग तूही जा," ती म्हणाली.

दोघं गेली. ओढ्यापाशी शांतवननं एकदा वळून पाहिलं. म्हातारी दारात उभी होती. हात वर करावा असं तिच्या फार मनात आलं. पण आज हात वर केला तर उद्या नेमाला कोण विचारील? तिनं हात पदराखालीच ठेवला. शांतवन थोडा वेळ थांबला आणि मग चालू लागला.

त्यानंतर वर्षं गेली. लोटकं कोनाड्यात पालथं पडून राहिलं. नेमाई नुसतं दूध विकायची आणि कोरडी भाकरी खायची. घर मोकळं झालं तसे तिनं आणखी नेम धरले. बुधवारचा उपास, मौनाचा दिवस, अनवाणी देवळात जाणं. तिला वाटायचं, एवढं सगळं केलं की प्रभूला माझं ऐकावंच लागेल. माझं लेकरू तो आणून देईल. पण निरोप पाठवायचा, "बाळा, ये," हे तिला सुचलं नाही. सुचलं असेल, पण जीभ उचलली नाही.

एका शनिवारी संध्याकाळी घाटापलीकडचा बांगडीवाला दारात आला. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

"म्हातारे आई, तुमच्या शांतवनला ताप चढलाय. लक्षण बरं नाही. मला म्हणाला, आईला सांग, एकदा ये. माझी गाडी पहाटे परत निघतेय. चला माझ्यासंगं, दुपारच्या आत पोचवतो."

म्हातारीनं घाईनं गाठोडं बांधलं. वाराचं भानच तिला राहिलं नाही. पहाटे गाडी दाराशी आली, बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. नेमाईनं काठी घेतली, उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं, आणि तेवढ्यात देवळाची घंटा वाजली.

रविवार होता.

तिनं पाऊल मागं घेतलं.

"चला ना, आई!" बांगडीवाला म्हणाला.

"आज प्रभूचा दिवस. आज वेस ओलांडायची नाही. मी त्याचा दिवस पाळला तर तो माझं लेकरू पाळील. उद्या येते, असं सांग त्याला."

बांगडीवाल्यानं कासरा ओढला. घुंगरं वाजत वाजत लांब गेली.

देवळात ती गुडघे टेकून बसली, पण एक शब्द कानात शिरेना. बाहेर पडताना तिनं पाळकबाबांना शांतवनच्या तापाचं सांगितलं. ते जागीच उभे राहिले.

"आजी, पोरगा बोलावतोय आणि तुम्ही इथं कशा?"

"रविवार आहे, बाबा."

"आज सकाळी म्हशी पिळल्यात की नाही?"

"पिळल्या. मुकं जनावर. कास ठणकली असती."

"आणि पोराच्या जिवाला ठणका नाही का, आजी? जा. अजून दुपार आहे. प्रभूच तुम्हाला जा म्हणतोय असं समजा."

म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. आता नेम सोडला तर आजवरचं सगळं फुकट जाईल, अशी भीती तिच्या काळजात बसली होती. ती घरी गेली आणि दिवसभर दाराकडे पाठ करून बसली.

सोमवारी उजाडायच्या आत ती पायी निघाली. घाट चढली. ठेचा लागल्या, नख उलटलं, पण ती थांबली नाही. घाटापलीकडच्या गावात पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. एका झोपडीसमोर माणसं उगीचच उभी असावीत तशी उभी होती. तिला पाहून ती बाजूला झाली.

सलोमी दारात आली. गळा मोकळा, डोळे सुजलेले. तिच्या पदराला धरून एक लहान पोर होती. तिचे डोळे थेट शांतवनचे.

"कुठं आहे तो?" म्हातारीनं विचारलं.

"सकाळीच माती दिली, आत्याबाई."

"कधी...?"

"काल. दिवे लागताना. तोवर दाराकडेच बघत होते."

म्हातारी मटकन खाली बसली. "मी त्याचा दिवस पाळला होता," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मी दिवस पाळला होता गं." आणि मग तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की उभी माणसंही डोळे पुसू लागली.

बऱ्याच वेळानं सलोमी म्हणाली, "आत चला, आत्याबाई."

"नाही. मी तुला या हातानं घालवलं. त्यानं बोलावलं तर आले नाही. या उंबऱ्यात पाय ठेवायची माझी लायकी नाही. इथंच बसते."

पोर आत गेली आणि एका वाटीत दहीभात घेऊन आली. आजीपुढं वाटी धरून म्हणाली, "घे, आज्जी. तू चालून आलीस ना?"

म्हातारीनं सवयीनं हात मागं घेतला. "नको, बाळा. दिवे लागलेत. दिवे लागल्यावर पांढरं दाराबाहेर देत नाहीत."

पोरीनं जरासा विचार केला. "मग तू आत येऊन खा," ती म्हणाली.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. नेम मोडायचा की पाळायचा, एवढंच ती जन्मभर बघत आली होती. आत येऊन खा, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. पोरीनं तिचं बोट धरलं आणि म्हातारी लहान लेकरासारखी उठून आत गेली.

पहिला घास तोंडात गेला आणि तिचा हात थांबला. ती चव तिच्या जिभेनं ओळखली.

"हे दही... हे माझ्या लोटक्यातलं आहे. तू कुठून आणलंस? मी तर सगळं उकिरड्यावर ओतलं होतं."

"आम्ही घर सोडलं ना, आत्याबाई, तेव्हा ओढ्याजवळ कोष्टीण भेटली. तिचा नवरा त्या ताकभातानं उठून बसला होता. तिनं लोटीभर विरजण पदराखालून काढलं. म्हणाली, तुझंच आहे बाई, परत घे. तेच रोज लावतेय."

म्हातारीला तिची सासू आठवली. सासू सांगायची, हे विरजण मी लग्न होऊन आले तेव्हा आईच्या घरून पदराखाली आणलं. आईनं आणखी कोणाकडून आणलेलं. विरजण काय कोणाच्या घरात उगवत नसतं. कोणीतरी दिलेलंच असतं. हे सगळं तिला ठाऊक होतं, फक्त आठवत नव्हतं.

"सलोमी," ती म्हणाली, "मी तुला काय दिलं म्हणून तू मला जेवायला वाढतेस?"

सलोमीनं डोळे पुसले. "आमचे हे माझ्यासंगं विरजण लावायला बसायचे तेव्हा हसायचे. म्हणायचे, दूध काय करतं गं? काही करत नाही. गप राहतं. एवढंसं विरजण पडतं आणि तेच त्याला दही करतं. आई मात्र उगीच दुधाला दम देत बसते." तिनं वाटीत आणखी भात घातला. "तुमच्यावर राग नव्हता त्यांचा. काल म्हणाले, आई उशिरा आली तरी आत घे. तिला दारात ठेवू नको."

म्हातारीनं त्या दहीभाताचा एकही दाणा टाकला नाही. रडत होती आणि खात होती.

काही दिवसांनी तिघी घाट उतरून वाडीत आल्या. विरजणाची लोटी सलोमीच्या पदराखाली होती. नेमाईनं कोनाड्यातलं पालथं लोटकं आपल्या हातानं सरळ केलं. त्या संध्याकाळी पोरीनं त्यात कोमट दूध ओतलं, सलोमीनं विरजण घातलं, आणि म्हातारीनं काही केलं नाही. नुसती बसून राहिली. सकाळी पाहतात तो दही असं लागलेलं की वाटी पालथी केली तरी हलेना.

नेमाई पुढंही देवळात पहिल्या ठोक्याला जायची. पण आता तिथं ती हिशेब मागायला बसत नसे. शांतवनचं नाव घ्यायची आणि ओल्या डोळ्यांनी गप राहायची. ते दुःख काही गेलं नाही. ते जाणारही नव्हतं.

पण घर भरलं. म्हशी व्याल्या, दह्याला पुन्हा गावोगावची गिऱ्हाइकं आली, कोष्टिणीनं पोरीच्या अंगावर आपल्या मागावरचं लुगडं घातलं, आणि पोर वाढली ती दोघींच्या मांडीवर. दिवे लागल्यावर कोणाला काही कमी पडलं तर पहिली हाक त्याच दाराला जायची. आतून म्हातारीचा आवाज यायचा, "दारात का उभी गं? आत ये आणि घेऊन जा."

तात्पर्य: नेम पाळून देवाला बांधता येत नाही आणि त्याची कृपा विकत घेता येत नाही. ती विरजणासारखी दिलेली असते. घ्यावी, वाटावी, आणि कोणाला दारात उभं ठेवू नये.