शुंड कशासाठी

"शुंड म्हणजे काय?"

सरांनी असंच विचारलं होतं, की "शुंड कशासाठी?" असं... आता खात्रीनं सांगवत नाही. हे दोन प्रश्न एक नव्हेत. हेमराजनं मात्र दोन्हींना पुरेल असं एकच उत्तर दिलं, एवढं पक्कं आठवतं.

"फुलपाखरांची, पतंगांची सोंड. अन्न शोषून घेण्याचा अवयव. पाठ्यपुस्तकात मीच लिहिलंय, सर."

आम्ही दोघंही लांजेवार सरांचे विद्यार्थी. हेमराज पुढं विभागप्रमुख झाला, मी मागं राहिलो. त्या दिवशी सर आरमोरीच्या घरी खाटेवर होते. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि सरांनी अन्न जवळजवळ सोडलंच होतं. हेमराजच्या हातात पेजेची वाटी होती.

"दोन चमचे, सर. आता तोंड उघडा."

"मास्तर झालास गा तू," सर हसले.

खिडकीत टोपलीभर टसर रेशमाचे कोसे होते. एका कोशातून नुकतीच बाहेर पडलेली पतंगाची मादी टोपलीच्या काठाला लटकून पंख वाळवत होती.

"आधी तिला भरव."

"थट्टा करता का, सर? ती खात नाही. टसरच्या पतंगाची शुंड नावापुरती. निरुपयोगी."

"हेही पुस्तकात आहे?"

"आहे."

"न खाता काय करते मग?"

"अंडी घालते. आणि..."

हेमराज थांबला. चमचा वाटीवर किणकिणला.

"सर, असं नका विचारू. मी तुम्हाला असं कसं जाऊ देऊ?"

सरांनी हात पुढं केला. मला वाटलं, वाटी मागतात. पण त्यांनी तो रिकामा कोसा उचलला आणि हेमराजच्या तळहातावर ठेवला.

"कोशाच्या तोंडाशी बोट लाव. ओलं आहे?"

"आहे."

"अळी होती तेव्हा जबडे होते. आत गेली, घर बंद केलं, जबडे गेले. मग दार कशानं उघडलं गा?"

हेमराज कोशाकडे बघत राहिला. मग त्या मादीकडे. मग सरांच्या मिटलेल्या ओठांकडे...

बऱ्याच वेळानं त्यानं वाटी खाली ठेवली.

"कळलं की पुस्तक दुरुस्त कर," सर म्हणाले. "आणि ती पेज तू पी. सकाळपासून उपाशी आहेस."

सर गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझा माझ्या आठवणीवर भरवसा नाही, म्हणून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, जुने शोधनिबंधही चाळले. कोशाचं तोंड मऊ करणारं द्रव्य पतंगाच्या त्या नावापुरत्या शुंडेवरच तयार होतं.