ल्यूशीचा बाकांचा ड्रॅगन

पाहुण्यांनो, ढोल ऐकू येतोय ना? या, असे काठावर या. आता आमच्या ल्यूशी गावचा ड्रॅगन निघेल. डोकं तेवढं कागदाचं. बाकी सगळं अंग म्हणजे घरोघरचे लाकडी बाक, एकाला एक खुंटीने जोडलेले, आणि प्रत्येकावर कंदील. हा ड्रॅगन पुराच्या पाण्यात जन्मला, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. नदीच्या या काठाला फांग कुळ, त्या काठाला शू. युनझू ही शूंची लेक फांगांकडे सून म्हणून आली आणि पुढे पाटाच्या पाण्यावरून दोन्ही कुळांत असं भांडण पेटलं, की तिचं माहेरच तुटलं.

त्या वर्षी नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला शूंची माणसं नदीतल्या बेटावर भूमिदेवाला नैवेद्य घेऊन गेली होती. अवचित डोंगरातून लोंढा आला. पूल गेला, नावा फुटल्या, बेट बुडू लागलं.

युनझू घरातला बाक उचलून ओरडत सुटली, "बाक द्या! जोडून पूल करू!" कुणी हललं नाही. सगळे तिच्या सासऱ्याकडे, कुळप्रमुख फांग देशंगकडे बघत राहिले.

"शूंच्या माणसांसाठी?" म्हातारा म्हणाला.

"मामंजी, त्यांत माझी आई आहे. तुमच्या नातवाची आजी."

देशंग तडक वळला. कुलमंदिरात शिरला आणि पूर्वजांच्या नामपट्ट्या खाली उतरवून त्यांचा बाकच ओढत बाहेर आला.

मग काय! घराघरांतून बाक निघाले. सुतारांनी भोकं पाडून खुंट्या ठोकल्या. पुरुष छातीभर पाण्यात उतरले, बाक खांद्यांवर घेतले. अंधारून आलं तशी बायकांनी सणाचे कंदील वर टांगले. लोंढ्यात वळवळत ती ओळ पुढे सरकली, आणि बेटापाशी एका बाकाएवढी कमी पडली!

तेव्हा पलीकडून शूंनी देवळातला नैवेद्याचा बाक पुढे सरकवला. खुंटी बसली. दोन्हीकडून एकच आरोळी उठली! एकेक माणूस पार झालं. शेवटी आली युनझूची आई. तिला हात धरून उतरवून घेतलं ते देशंगनेच, म्हणे.

आजही गावात नवी सून आली, की पहिल्या पौर्णिमेला तिच्या माहेरची माणसं आपला बाक घेऊन येतात. तो सासरच्या बाकाला जोडल्याशिवाय ड्रॅगन उठत नाही. ती बघा, लाल झगा सावरत उभी आहे ना, ती यंदाची सून. शेजारी तिचे वडील, खुंटी ठोकतायत. थांबा... बसली! उठला बघा, उठला!