फणसाखालचा सोनटक्का

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक माळीण होती. माळीण आपली नावाला! परसात फूल म्हणाल तर एक नाही. घरामागे हा थोरला फणस आणि त्याच्या सावलीत बारा महिने ओली जमीन. झेंडू लावला, तो कुजला. शेवंती लावली, तिला बुरशी धरली.

गावची रीत अशी, की नवरात्रात देवीला रोज एकेका घरची माळ. फुलं परसातलीच हवीत, विकतच्या फुलांना गुरव हात लावायचा नाही. सहावी माळ माळिणीची. दोन वर्षं तिनं नुसती पानं ओवली. गुरवानं बजावलं, "यंदा फुलं नसली तर तुझी पाळी गेली."

वैशाखात शेजारचा माळी कुऱ्हाड घेऊन दारात उभा. दीडशहाणाच तो!

"वहिनी, फणस पाडा. सावलीत काय बेडूक पिकवणार?"

माळिणीनं त्याच्या हातची कुऱ्हाड घेतली, उगारली आणि थबकली.

"भाऊजी, डोंगरात एवढी दाट झाडी आहे. तिच्याखाली काहीच फुलत नसेल?"

"मला काय ठाऊक? मी कशाला मरायला बघतो!"

"मग मीच बघून येते."

ती ओढ्याकाठानं निघाली. झाडाझाडाखाली वाकली, मातीत बोटं घालून बघितली. एका जांभळीखाली सोनटक्क्याचं बेट दिसलं.

"इथं कसं गं बाई जमलं तुला?" म्हणत तिनं निरखलं. ऊन सकाळचं, तेही घटकाभर. खाली कुजलेला पाला. माती ओली, पण पाणी साचलेलं नाही.

तिनं चार गड्डे आणले, फणसाखाली लावले, वर पाला पसरला. पाणी साचू नये म्हणून चर खणला.

आश्विनात फणसाखाली पांढरी फुलंच फुलं! वास पार गल्लीपर्यंत. सहावी माळ गुरवानं मुकाट्यानं देवीला घातली.

मग माळ्यानंही गड्डे मागून नेले. भर उन्हातल्या वाफ्यात लावले, वर शेणखताचा ढीग. आठ दिवसांत पानं करपली. आला तणतणत.

"कुजके गड्डे दिलेत मला!"

"कुजके नव्हते हो. तुम्ही त्यांना तुमच्या आवडीची जागा दिलीत. त्यांच्या आवडीची कुठं बघितलीत?"

माळ्यानं डोकं खाजवलं. "ती कुठं बघायची?"

"चला ओढ्याकाठी. आणि चपला इथंच काढा, चिखल आहे."

तात्पर्य काय, तर जागेच्या नावानं बोटं मोडण्याआधी तिथं काय जगतं ते जरा वाकून बघावं.