ठुमकीचा तिसावा बूट

परसात नळ होता. नळाखाली दगड होता. दगडाखाली ठुमकी राहत असे.

ठुमकी ही एक गोम होती. गोम म्हणजे पायच पाय! ठुमकीला तीस पाय होते. तीस पायांना तीस बूट होते. सगळे लाल. सगळे चकचकीत.

ठुमकी चालू लागली, की आवाज येई,

टप टप टप टप टप!

एके दिवशी सकाळी ठुमकी नळाजवळून चालली होती. फरशी ओली होती. पाय घसरला. अगदी शेवटचा पाय. सर्रकन घसरला! बूट सुटला. मोरीच्या जाळीतून आत पडला.

बुडुक!

"अगबाई!" ठुमकी म्हणाली. तिचे डोळे मोठ्ठे झाले. तोंड उघडे ते उघडेच राहिले.

तिने बूट मोजले. पुन्हा मोजले. एकोणतीस!

तिने चालून पाहिले.

टप टप टप टप. चप!

"अगबाई! हे चप कुठून आले?"

उघड्या पायातून आले. पायाला फरशी गार लागली. पायाला खडे टोचले.

आता काय करावे? बूट हवा. एकच बूट हवा.

अळूच्या पानाखाली एक पडदा होता. पडद्यावर एक फॉर्म होता. तो भुंगेशेठांच्या बुटांच्या दुकानाचा फॉर्म. फॉर्मात एक चौकट होती. चौकटीखाली आकडे होते. ज्याला बूट हवेत, त्याने चौकटीत आकडा लिहावा. मग फॉर्म भाव सांगे. अशी रीत होती.

ठुमकीजवळ खसखशीचा एक दाणा होता. एका बुटापुरता. तो घेऊन ती निघाली.

टप टप टप टप. चप!

फॉर्म बोलला, "टिंग! नमस्कार. किती जोड्या?"

"जोडी नको, फॉर्मभाऊ. एक बूट हवा."

"टिंग! किती जोड्या?"

ठुमकीने लिहिले, एक.

"टिंग! एक जोडी. दोन बूट. भाव, दोन दाणे."

"दोन! एक पायात घालीन. दुसरा काय डोक्यावर घालू? आणि दाणा तर एकच आहे."

ठुमकीने लिहिले, अर्धी.

"टिंग टिंग! अर्धी चालत नाही!"

ठुमकीने काहीच लिहिले नाही.

"टिंग टिंग टिंग! रिकामे चालत नाही!"

ठुमकी रागावली. सरळ आकड्यांवर चढली. पण तिला पाय किती? तीस! तीसही पाय एकाच्या आकड्यावर पडले. एक, एक, एक, एक, एक, एक...

"टिंग टिंग टिंग टिंग! इतक्या जोड्या! भाव, सात डोंगर खसखस!"

"अरे देवा!" ठुमकी दचकली आणि खाली पडली. धप्प!

"पुसा, फॉर्मभाऊ! आधी ते पुसा!"

फॉर्मने पुसले. ठुमकीने श्वास घेतला. मग तिने नीट विचारले,

"फॉर्मभाऊ, फॉर्मभाऊ, एका बुटाचा भाव सांगता का?"

"नाही गं बाई, नाही. एकाची चौकटच नाही. कोळीदादा चौकट विणेल, तर मी भाव सांगेन."

ठुमकी थक्क झाली. एवढा मोठा फॉर्म, आणि एकाची चौकट नाही!

ती कोळीदादाकडे गेली.

टप टप टप टप. चप!

फॉर्मच्या साऱ्या चौकटी कोळीदादा विणत असे. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. ठुमकी त्याला म्हणाली,

"बुडुक झाला बूट माझा, एकोणतीस उरले.
फॉर्म म्हणतो, एकाची चौकट नाही.
पाय माझा म्हणतो, चप!

कोळीदादा, कोळीदादा, चौकट विणता का?"

कोळीदादा लोंबकळत खाली आला. "अबब! एकोणतीस बूट आहेत, आणि एकासाठी रडतेस? मला पाहा. आठ पाय. एकही बूट नाही!"

"तुम्हाला सवय आहे, दादा. मला नाही."

"तेही खरे. पण नाही गं बाई, नाही. शेठजींचा हुकूम नाही. भुंगेशेठ हुकूम देतील, तर मी चौकट विणीन."

ठुमकी थक्क झाली. चौकट एवढीशी, आणि तिला हुकूम लागतो!

ती भुंगेशेठांकडे गेली.

टप टप टप टप. चप!

भुंगेशेठ कमळाच्या गादीवर बसले होते. गुंऽऽ गुंऽऽ, गुंऽऽ गुंऽऽ. ठुमकी त्यांना म्हणाली,

"बुडुक झाला बूट माझा, एकोणतीस उरले.
फॉर्म म्हणतो, एकाची चौकट नाही.
कोळीदादा म्हणतो, शेठजींचा हुकूम नाही.
पाय माझा म्हणतो, चप!

भुंगेशेठ, भुंगेशेठ, हुकूम देता का?"

भुंगेशेठ गादीवरून उडालेच! "काय? एक बूट? एकटा? अहो, माझ्या आजोबांनी जोडी विकली. माझ्या बाबांनी जोडी विकली. एकटा बूट मी जन्मात पाहिला नाही!"

"मग आता पाहा, शेठजी."

"कुठून पाहू? नाही गं बाई, नाही. शिवलेला एक नाही. शिंपीताई एक बूट शिवील, तर मी हुकूम देईन."

ठुमकी थक्क झाली. एवढे मोठे शेठ, आणि एक बूट पाहिलेला नाही!

ती शिंपीताईकडे गेली.

टप टप टप टप. चप!

शिंपीताई हे एक चिमुकले पाखरू होते. चोचीने पाने शिवी. जास्वंदीच्या पाकळ्यांचे लाल बूटही तीच शिवी. टुवी टुवी, टुवी टुवी. ठुमकी तिला म्हणाली,

"बुडुक झाला बूट माझा, एकोणतीस उरले.
फॉर्म म्हणतो, एकाची चौकट नाही.
कोळीदादा म्हणतो, शेठजींचा हुकूम नाही.
शेठजी म्हणतात, शिवलेला एक नाही.
पाय माझा म्हणतो, चप!

शिंपीताई, शिंपीताई, बूट शिवतेस का?"

शिंपीताईच्या चोचीतला दोरा गळून पडला. "अय्या! एकच? शिवीन की! पण केवढा शिवू? वाटाण्याएवढा, की भोपळ्याएवढा?"

"माझ्या पायाएवढा."

"अगं, पण पाय केवढा? नाही गं बाई, नाही. पायाचे माप नाही. उंटअळी माप घेईल, तर मी बूट शिवीन."

ठुमकी थक्क झाली. पाय समोर आहे, आणि माप नाही!

ती उंटअळीकडे निघाली. वाटेत लाजाळूचे झुडूप होते. उघडा पाय झुडपावर पडला. कच्च! काटा रुतला.

"आई गं!"

टप टप टप टप. चप! आई गं!

टप टप टप टप. चप! आई गं!

उंटअळी फांदीवर होती. ती चालते कशी, ठाऊक आहे? पाठीचा उंट करते. मग सरळ होते. वाक, ताठ, पुढे. वाक, ताठ, पुढे. परसातली सगळी मापे तीच घेई. ठुमकी तिला म्हणाली,

"बुडुक झाला बूट माझा, एकोणतीस उरले.
फॉर्म म्हणतो, एकाची चौकट नाही.
कोळीदादा म्हणतो, शेठजींचा हुकूम नाही.
शेठजी म्हणतात, शिवलेला एक नाही.
शिंपीताई म्हणते, पायाचे माप नाही.
पाय माझा म्हणतो, चप!

उंटअळी, उंटअळी, माप घेतेस का?"

उंटअळी वाकली, ती वाकलेलीच राहिली. "बाप रे! पायात हा काटा केवढा! काट्यासकट मोजले, तर बूट लांबलचक होईल. काटा सोडून मोजू, तर मोजू कुठून?"

"मग मोजणारच नाहीस?"

"नाही गं बाई, नाही. काटा निघाला नाही. मुंगीआत्या काटा काढील, तर मी माप घेईन."

ठुमकी थक्क झाली. तिचे डोळे भरून आले. ती मुंगीआत्याकडे गेली.

मुंगीआत्या परसात सर्वांत लहान. तीळ मोठा, ती छोटी. तुरुतुरु, तुरुतुरु. साखरेचा कण ओढत होती. ठुमकी हुंदके देत तिला म्हणाली,

"बुडुक झाला बूट माझा, एकोणतीस उरले.
फॉर्म म्हणतो, एकाची चौकट नाही.
कोळीदादा म्हणतो, शेठजींचा हुकूम नाही.
शेठजी म्हणतात, शिवलेला एक नाही.
शिंपीताई म्हणते, पायाचे माप नाही.
उंटअळी म्हणते, काटा निघाला नाही.
पाय माझा म्हणतो, चप!

मुंगीआत्या, मुंगीआत्या, काटा काढता का?"

मुंगीआत्याने साखर खाली ठेवली.

"काय सांगतेस! इतक्या जणांना भेटलीस? इतकी बडबड झाली? आणि हा सुजलेला पाय कोणी हातात घेतला?"

"कोणीच नाही, आत्या."

"कोणीच नाही!" मुंगीआत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आण बाळ, पाय इकडे."

ठुमकीने पाय पुढे केला. मग तिने वाट पाहिली. आता आत्या काय मागणार? आता कोणाकडे धाडणार?

आत्याने काहीच मागितले नाही.

"आत्या, तुमची अट?"

"काट्याला अट कसली? डोळे घट्ट मिट!"

एक, दोन, तीन... टुण्ण! काटा बाहेर!

मग काय झाले? ऐका.

मुंगीआत्याने काटा काढला.

काटा निघाला, उंटअळीने माप घेतले. वाक, ताठ, संपले! "अय्यो! इतकासाच पाय?"

माप मिळाले, शिंपीताईने बूट शिवला. टुवी टुवी, एक टाका, दोन टाके, गाठ! "अय्या! किती गोड!"

बूट शिवला, भुंगेशेठांनी तो पाहिला. त्यांनी बूट उलटा केला. सुलटा केला. आत डोकावून पाहिले. "अहो, हा तर खरोखर एकटाच आहे! आणि उभाही राहतो!" मग ते गुणगुणले, "हुकूम आहे! ज्याला त्याला किती हवेत, ते विचारा!"

हुकूम मिळाला, कोळीदादाने चौकट विणली. सुर्र सुर्र. 'किती जोड्या?' ही चौकट उसवली. 'किती बूट?' ही चौकट घातली.

चौकट झाली, ठुमकी फॉर्मपुढे उभी राहिली. या वेळी ती जपून चढली. एकोणतीस पाय कडेला धरले. एकच पाय पुढे केला. उघडा पाय. एकावर ठेवला. टिक!

"टिंग! नमस्कार. एक बूट. बरोबर?"

"बरोबर, फॉर्मभाऊ! अगदी बरोबर!"

"भाव, एक दाणा."

ठुमकीने दाणा दिला. भुंगेशेठ स्वतः बूट घेऊन आले. गुंऽऽ! ठुमकीने बूट पायात घातला. घट्ट नाही. सैल नाही.

ती चालू लागली. सगळे कान देऊन ऐकू लागले.

टप टप टप टप...

कोळीदादाने श्वास रोखला. उंटअळी वाकून बसली.

टप!

"चप कुठे गेले?" फॉर्मने विचारले.

"गेले मोरीत!" मुंगीआत्या म्हणाली. आणि ती आपली साखर ओढू लागली.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय आली. तिला पाय एक. तिने लिहिले, एक. ती हसत गेली.

मग साप आला. सळसळ, सळसळ. त्याने शेपटीने लिहिले, शून्य.

टिंगसुद्धा वाजले नाही. भुंगेशेठ थक्क. "शून्य? अहो सापराव, बूट नको, तर फॉर्म भरलात कशाला?"

"किती हवेत, असे विचारले आहे ना?" साप म्हणाला. "मला आजवर कोणी विचारलेच नव्हते."

आणि तो ऐटीत निघून गेला.

ही झाली तीस बुटांची गोष्ट. मोजून घ्या, बाळांनो. एकही कमी नाही.

टप टप टप टप टप!