रिकामा पेला

पुण्याची बिअर सरस की नाशिकची, यावरून पबात बिअरप्रेमींची डोकी तापली होती. हरेल त्या बिअरचा पबातला नळ आजच उखडायचा, असं ठरलं. निवाडा बिअरप्रेमी मंडळाचे अध्यक्ष निंबाळकर यांच्याकडे. नियमही त्यांचाच: प्रत्येक पेल्यातून एकच घोट, मग पाण्याची चूळ.

नाशिकची बिअर बनवणारी केतकी बोरस्ते श्वास रोखून बसली होती.

"पुण्याची म्हणजे अमृत!" दोन्हींची चव घेऊन झाल्यावर निंबाळकर गरजले. "नाशिकची? गटाराचं पाणी!"

एकजण पाना घेऊन नळाकडे निघालासुद्धा.

केतकीने उठून दोन्ही पेले सगळ्यांसमोर धरले. पुण्याचा जवळजवळ भरलेला होता, नाशिकचा तळापर्यंत रिकामा.

"साहेब, अमृत तसंच ठेवलंत, आणि गटाराच्या पाण्याचा थेंबही उरू दिला नाहीत?"

निंबाळकरांचा हात हळूच मिशीवरच्या फेसाकडे गेला.