बिनधुराचं घर

बोरखडीत मूल बोलायला लागलं की त्याला आधी एक नियम शिकवत आणि मग देवाचं नाव. नियम असा: दिवेलागणीला गावातल्या प्रत्येक छपरातून धूर निघालाच पाहिजे. का निघाला पाहिजे, हे विचारायचं नाही.

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा गावाला रस्ता नव्हता, काडेपेटी कुणी पाहिली नव्हती आणि एका घरचा विस्तव दुसऱ्या घरी खापरावर घालून नेत. किती वर्षं झाली, ते कुणी मोजलेलं नाही. पण माळ तोच आहे, ऊन तेच आहे, आणि हौसाचं घर जिथे होतं ती जागाही आहे.

हौसा कल्हईवाल्याची पोर. तिचा बाप गावोगाव भाता घेऊन हिंडायचा आणि लोकांच्या भांड्यांना कल्हई लावायचा. तो वारला तेव्हा घरात त्याच्या मागे उरली एक बायको, दोन मुली आणि परातींची ही एवढी चळत. परगावच्या, या गावच्या, सगळ्या लोकांच्या. त्या ज्यांच्या होत्या त्या बायका मरून गेल्या होत्या, आणि त्यांच्या नवऱ्यांना परातीची आठवण राहिली नव्हती.

विचारायचं नाही म्हटलं की हौसा विचारायचीच. तिने लहानपणी एकदा पारावर जाऊन विचारलं होतं, "धूर नाही निघाला तर काय होतं?"

पारावर गावचे म्हातारे बसायचे. मधोमध येसाजी पाटील, शेजारी भिवा गुरव. पाटलांनी तिला उत्तर दिलं, तेही तिच्याकडे न बघता. "माणूस मेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी कडू घास आणून देतात. खरं का खोटं?"

"खरं."

"मग बिनधुराचं घर म्हणजे मढ्याचं घर. मरण माळावरून हिंडतं. धूर नसलेलं छप्पर दिसलं की आपलंच घर समजून आत शिरतं. आणि आत आलं की एकट्याला नेत नाही, गाव नेतं. पळ आता."

ती पळाली. पण पटलं नाही.

बोरखडीचा माळ बोडका. जळण आणायचं तर काळदरीत उतरायचं, आणि उतरायचं ते बायकांनी. पोटुशी असो, तापाने फणफणलेली असो, सांजेला धूर पाहिजे म्हणजे पाहिजे. घरांना खिडक्या नव्हत्या. ओली लाकडं धुमसत, आणि फुंकणी तोंडाला लावून बाई चुलीपुढे ओणवी बसे. पुरुष तेवढा वेळ पारावर बसून मोजत, कुठल्या छपरातून धूर निघाला आणि कुठल्या नाही.

हौसाची थोरली बहीण अंबू अशीच चुलीपुढे गेली. खोकत होती, खोकत होती, आणि मग फुंकणी हातात धरून भिंतीला टेकली ती टेकलीच. त्या दिवशी तिच्या चितेचा धूर निघाला, तोच घरचा धूर म्हणून गावाने मोजून घेतला. मग चुलीपुढे आई बसायला लागली, रंगू. आणि वर्ष फिरायच्या आत आईचा खोकला अंबूच्या खोकल्यासारखा वाजायला लागला.

एक वैदीण गावावरून चालली होती. हौसाने तिला घरात बोलावलं. तिने रंगूच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हिला धुरातून बाहेर काढ. नाहीतर दिवाळी बघायची नाही ही."

"म्हणजे चूल पेटवू नको म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही, बाई. मला या गावातून जिती बाहेर पडायचंय." वैदिणीने पिशवी उचलली आणि मागे वळून न बघता माळ ओलांडला.

त्या दुपारी हौसा अंगणात बसून बापाची एक परात राखेने घासत होती. हात घासत होते, डोकं आईपाशी होतं. परात अशी लखलखली की तिच्यातला उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. भिंतीवर ओल्या गोवऱ्या थापल्या होत्या. बघता बघता त्यांतल्या एकीतून वाफ निघू लागली.

हौसाने परात हलवली. उजेड दुसऱ्या गोवरीवर सरकला. तीही वाफाळली.

ती उठली आणि सगळी चळत बाहेर काढली. काठ ठोकून ठोकून तिने पराती खोलगट केल्या, घासल्या, दगडांवर तिरक्या टेकवून रिंगणात मांडल्या. मधोमध काजळीने काळंकुट्ट झालेलं पातेलं ठेवलं, कारण काळं भांडं ऊन पितं, हे उन्हात ठेवलेल्या तव्यावरून तिला माहीत होतं. पातेल्यात ज्वारीच्या कण्या आणि पाणी. सगळ्या परातींनी एकदम त्या पातेल्याकडे बघितलं, असं म्हणतात, आणि अंगणातले पक्षी उडून गेले.

पहिल्या दिवशी कण्या कचवट राहिल्या. रंगू चावत म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातची चव आहे. त्यालाही काही शिजवता येत नव्हतं." मग हौसा सूर्याबरोबर पराती फिरवायला शिकली. झाकणाला कणकेचा लेप द्यायला शिकली. शिजलेलं पातेलं भुशात पुरून वर गोधडी टाकली की सांजेपर्यंत हात भाजेल इतकं गरम राहतं, हेही शिकली. आणि ज्या दिवशी कण्या मऊ लोण्यासारख्या झाल्या, त्या दिवशी तिने चुलीतला विस्तव पाणी मारून विझवला.

भर दुपारी बोरखडीत कुणी बाहेर पडत नसे. पण ज्यांना पडावं लागलं त्यांनी सांगितलं, की कल्हईवाल्याच्या अंगणात पांढरा जाळ आहे, पण जाळाला आवाज नाही. आणि तिथून जाताना माणसाच्या दोन सावल्या पडतात. एक आपली. दुसरी कुणाची, ते बघायला कुणी थांबलं नाही.

दिवेलागण झाली. पारावरून पाटलांनी छपरं मोजली. एक कमी भरलं.

शेजारची चंद्रा लगबगीने पिठलं-भाकरी घेऊन आली. दारातूनच गळा काढून म्हणाली, "अगं माझे बाई, कधी गेली गं रंगू?"

"मी इथं बसलेय," रंगू आतून म्हणाली.

चंद्राने किंकाळी फोडली. भाकरी खाली, पिठलं उंबऱ्यावर.

"ओरडतेस काय? जिती आहे मी. आणि आणलंच होतंस तर नीट आणायचं, आता उंबरा कोण पुसणार?"

चंद्रा पळाली. तिच्यामागे पाटलांचा निरोप आला: उद्या दिवेलागणीला या छपरातून धूर निघाला नाही, तर गाव येऊन पेटवील. चूल नाही, छप्पर. धुराशी मतलब.

आई गोधडीत पडून होती. तिचा श्वास त्या दिवशी जरा मोकळा होता. हौसा थंड चुलीपुढे बसली. बाहेर उजेड सरत होता आणि गावातल्या सगळ्या घरांचा धूर माळावर उतरून लोळत होता.

तेव्हा आवाज आला. फू... फू...

चुलीत विस्तव नव्हता. तरी राख हलली. फुंकणी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली, ती आता तिथे नव्हती. चुलीच्या पलीकडे कुणीतरी ओणवं बसून फुंकत होतं, आणि मध्येच थांबून खोकत होतं. तो खोकला हौसाने रोज ऐकला होता.

"अंबूताई?"

फुंकणी थांबली. "विस्तव कुठंय?" अंबू म्हणाली. तिचा चेहरा होता तसाच होता, फक्त डोळ्यांच्या जागी काजळी होती. "धूर नाही, तर मला वाट सापडेना. चाचपडत आले."

हौसा पुढे सरकली. "ताई, तू रोज येतेस?"

"रोज. धूर उठला की यावंच लागतं. सगळ्यांनाच." अंबूने दाराकडे मान वळवली.

दारात बायका उभ्या होत्या. अंगणात उभ्या होत्या, कुंपणापलीकडे उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे जो धूर लोळत होता तो धूर नव्हता, त्याही बायकाच होत्या. काही हौसाने लहानपणी पाहिलेल्या होत्या, काही तिच्या जन्माच्या आधीच्या. काळदरीत पडलेल्या, चुलीपुढे बसून राहिलेल्या. हौसा एकेकीकडे बघत गेली. पोरसवदा होत्या, भरल्या कपाळाच्या होत्या, कडेवर मूल असलेल्या होत्या. पण केस पिकलेली त्यांच्यात एकही नव्हती.

"आता कुणासाठी आलीस?" हौसाने विचारलं.

अंबू गोधडीतल्या आईकडे बघायला लागली. 

असं म्हणतात, हौसा तेव्हा उठली आणि भुशातून पातेलं काढलं. झाकण उघडल्यावर वाफ निघाली. तिने ताटली भरून बहिणीपुढे ठेवली. "चुलीपुढे तू कधी गरम खाल्लं नाहीस. सगळ्यांना वाढून उरलं ते खाल्लंस. आज मी वाढते. जेव, आणि परत येऊ नको. आता इथे तुला फुंकायला काही नाही."

अंबू जेवली. तिच्यामागून बाकीच्या आत आल्या, एकेक करून, आणि जेवल्या. असं म्हणतात, पातेल्यातलं सरलं नाही. फक्त बोटं चाटल्याचा आवाज येत होता. जेवून झालेली बाई उंबरा ओलांडून माळाकडे निघाली की तिचा खोकला थांबे. शेवटी अंबू उठली. तिने फुंकणी बहिणीच्या हातात दिली. ती बर्फासारखी गार होती. मग तीही माळाकडे गेली. घरात मायलेकीच उरल्या, आणि रंगू झोपेत घोरत होती. घोरणं ऐकून हौसा रडली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाव आलं. पुरुषांच्या हातांत पेटत्या चुडी होत्या. बायका लांब, कुंपणाशी, तोंडावर पदर घेऊन. हौसा दारात उभी होती.

"पेटव चूल," येसाजी पाटील म्हणाले.

"नाही."

"पोरी, तुझ्या एका घरापायी गाव मरेल."

भिवा गुरव पुढे झाला. "उलट बोलू नये मोठ्यांशी. पेटव म्हटलं की पेटवावी. आमच्या बापजाद्यांनी..."

"भिवाकाका, तुमची आई कितव्या वर्षी गेली?"

भिवाने तोंड उघडलं. त्याला आठवेना. मग आठवलं. तो एक पाऊल मागे सरला.

"पाटील, तुमची पहिली? दुसरी? आणि आता घरात चुलीपुढे बसलीय ती, ती खोकते का हो?" हौसा सगळ्यांवरून नजर फिरवत राहिली. "इतके म्हातारे आलात. काठ्या टेकत आलात, दाढ्या पिकवून आलात. मला एक म्हातारी दाखवा. या गावात, कुठल्याही घरात. एक म्हातारी दाखवा, मी आत्ता चूल पेटवते."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग वळून कुंपणाकडे बघायला लागले. कुंपणाशी बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीने, कुणी सांगितलं नसताना, डोक्यावरचा पदर मागे सारला. मग दुसरीने सारला. मग सगळ्यांनी. काळे केस, सगळे काळे केस.

"मरण गावात आणलं ते धुराने," हौसा म्हणाली. "मी पेटवणार नाही. माझं छप्पर जाळायचं तर जाळा. आई आत आहे, आणि मी तिच्यापाशी बसते."

ती आत गेली. चुडी जळत जळत हातापर्यंत आल्या आणि पुरुषांनी त्या मातीत टाकल्या. पाटील घरी गेले ते पारावर न थांबता.

त्या रात्री गावातल्या काही छपरांतून धूर निघाला, काहींतून नाही. सकाळी सगळे जिवंत होते. मग बायका आपल्या मेलेल्या आया-सासवांच्या पराती मागायला हौसाकडे आल्या, आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांनीही नेल्या. ढगाळ दिवसांत गावाने अंगणात, उघड्या आभाळाखाली चूल मांडली. भिंतींना खिडक्या पडल्या.

रंगू जगली. तिचे केस पिकले, दात पडले, पाठ वाकली. असं म्हणतात, गावातली पोरं तिच्यामागे लागत, पण हाक मारताना अडखळत. आजी हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तो कधी कुणाला लावून बघितलेला नव्हता.

हौसाचं काय झालं, याबद्दल बोरखडीत एकमत नाही. कुणी म्हणतं, ती म्हातारी होऊन गेली. कुणी म्हणतं, एका भर दुपारी ती परातींच्या रिंगणात उभी राहिली, तिच्या सावल्या दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ, आणि मग सावल्याच उरल्या.

आता बोरखडीत छपरांवर निळ्या काचेच्या पाट्या आहेत. दिवे त्यांच्यावर चालतात, पंखे चालतात, आणि अंगणाअंगणात सौर चूल आहे. तरी वैशाखातल्या एका दिवशी गाव हौसाची दुपार पाळतं. त्या दिवशी गावात काहीही पेटवत नाहीत, उदबत्तीसुद्धा नाही. सगळ्या घरच्या कण्या उन्हावर शिजतात. दिवेलागणीला पारावर गावातल्या म्हाताऱ्या बसतात आणि त्यांच्या नवऱ्यांना, भावांना, दिरांना खाली उभं राहावं लागतं. दरवर्षी गावातल्या एका मुलीची पाळी असते. पुरुषांमधला सगळ्यात वयस्कर तिला विचारतो, "पोरी, धूर का नाही? पेटव चूल."

मुलगी त्याच्याकडे बघून म्हणते, "नाही. पेटवणार नाही."

त्यावर एरवी ज्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सांगायचं असतं ते सगळे खाली मान घालून गप्प राहतात.