ताटावरचा आडवा हात

“एकदाच विचारतात हो, भन्ते! एकदाच! ही काय माणसं झाली?”

विश्वंभर काळमेघ जिना चढून आला तो हेच म्हणत. एका हातात जेवणाचा डबा, दुसरा हात हवेत.

नॉर्वेतलं ते बंदराचं गाव. थंडी अशी, की जाताना आलेली शिंक माणसाला येताना त्याच वळणावर गोठलेली सापडायची. मासळीच्या दुकानावरच्या खोलीत भन्ते शीलरत्न राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे बौद्ध भिक्खू. बाराच्या आत एकदाच जेवायचं, पात्रात पडेल ते खायचं आणि मागायचं नाही, हा त्यांचा नेम. आज डबा आणायची पाळी विश्वंभरची होती.

“बस,” भन्ते म्हणाले. “कोण विचारतं एकदाच?”

“शेजारीण. इंग्रिडबाई. मला जेवायला बोलावलं, सूप वाढायला आली. मी म्हणालो नको. तर पातेलं उचलून गेली की सरळ आत!”

“सूप कशाचं होतं?”

“मला काय माहीत! खाल्लं कुठं?”

“वास?”

“वास... छान होता.”

“मग भूक नसेल तुला.”

“कडकडून होती, भन्ते!”

“तर नको काहून म्हणालास गा?”

विश्वंभरनं डबा खाली ठेवला. भंडाऱ्याचा माणूस, आणि हे विचारतो?

“पहिल्या हाकेला हो म्हणतात का कुठं? हावरा दिसतो माणूस! अहो, आमच्या अकोल्याच्या घरी पंगतीत कुणी ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटींतून वाढतात. आमच्या थोरल्या काकांच्या हातावर कढत बासुंदीचा डाग आहे. लग्नाकार्यात बाही वर करून दाखवतात. नव्या नवऱ्या त्या डागाच्या पाया पडतात!”

“अस्सं?” भन्ते पुढे सरकले. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. “मग या बाईला तू बोलावलंस की नाही?”

“बोलावलं ना...” विश्वंभरचा आवाज खाली आला. “तिनंही हात आडवा धरला. मी वाढलं.”

“फटींतून?”

“फटींतून.”

“मग?”

“उठली. हात धुतला. आभार मानले आणि गेली. आता जिन्यात माझी चाहूल लागली, की दार लावून घेते.”

...

गावात त्याला नावानं हाक मारणारी ती एकटीच होती. ‘व्हिश्वाम्बा’ म्हणायची. वाकडंतिकडं का होईना, पण नाव होतं. आता तेही बंद.

“उद्या नोकरीचा राजीनामा देतो नि परत जातो, भन्ते. या दगडांत नाही राहायचं मला. तुम्ही फक्त जा म्हणा.”

भन्त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“बारा वाजत आले. आधी वाढ.”

विश्वंभरनं पात्रात भात वाढला. त्यावर वाफाळतं वरण घातलं. दुसरा डाव उचलला, तोच भन्त्यांनी पात्रावर हात आडवा धरला.

“पुरे.”

“असं कसं? घ्या हो, संकोच करू नका...”

डाव कलला. वरण भन्त्यांच्या बोटांवरून पात्रात ओघळलं.

भन्त्यांनी हात काढला नाही. बोटं लाल होत गेली.

“भन्ते! अहो, हात...”

“हात?” भन्ते म्हणाले. “तुला दिसला होता?”

...

मग ते उठले, गार पाण्याखाली हात धरला, परत येऊन बसले आणि जेवले. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. जेवण झाल्यावर ताटली विश्वंभरपुढे ठेवून त्यांनी डबा त्याच्याकडे केला.

“घे.”

वरणावरच्या लसणाच्या फोडणीचा वास आला. विश्वंभरच्या पोटात सकाळपासून कण नव्हता. पण हात आपला आपणच ताटलीवर आडवा झाला.

“नको नको, मी घरी जाऊन...”

“बरं,” भन्ते म्हणाले.

खट्. डब्याचं झाकण लागलं. भन्ते खिडकीतून समुद्रपक्षी बघू लागले.

विश्वंभर थांबला. अकोल्यात एव्हाना काकू, आत्या आणि वाटेनं जाणारा एखादा तलाठीसुद्धा आग्रहाला बसला असता. इथं कुणी मान वळवेना. त्याच्या पोटात असं काही गुरगुरलं, की खालच्या दुकानातले बर्फावरचे मासे कूस बदलून झोपले म्हणतात. मी पाहिले नाहीत.

त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. कुणा परक्याचा असावा तसा. मग तो ताटलीवरून हळूच काढून घेतला.

“भन्ते...”

“काय गा?”

“मला... भूक लागलीय.”

हे वाक्य त्यानं जन्मात आईखेरीज कुणाला म्हटलं नव्हतं. कान तापले त्याचे.

भन्त्यांनी झाकण काढून डबा त्याच्यापुढे सरकवला. विश्वंभर जेवला. खाली मान घालून, पोटभर. हात धुऊन आल्यावर त्यानं दबकत विचारलं,

“मग उद्या... जाऊ ना मी परत?”

“परत?” भन्ते हसले. “आत्ता कुठं उतरलं बाप्पा तुझं विमान!”